खुलेपणाच्या अटी

बालभारतीच्या पाठ्यपुस्तकात धड्याशेजारी छापलेला क्यूआर कोड आता कुणाला नवा वाटत नाही. मोबाइल त्यावर धरला की धड्याचा व्हिडिओ किंवा सराव पडद्यावर येतो. या कल्पनेचं एक मूळ सोलापूर जिल्ह्यात आहे. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडून पाहिले, पुढे राज्याने ती पद्धत उचलली, आणि डिसेंबर २०२० मध्ये डिसले यांना दहा लाख डॉलरचं ग्लोबल टीचर प्राइझ जाहीर झालं. बक्षिसाची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या उरलेल्या नऊ शिक्षकांना वाटून दिली. इथपर्यंतची गोष्ट सोलापूरकरांना तोंडपाठ आहे. तिच्या पोटातली दुसरी गोष्ट मात्र फारशी कुणी सांगत नाही. पुस्तकातले हे कोड मोबाइलला ‘दीक्षा’ या राष्ट्रीय व्यासपीठावर नेतात. २०१७ साली सुरू झालेलं दीक्षा ‘सनबर्ड’ नावाच्या सॉफ्टवेअरवर उभं आहे. हे सॉफ्टवेअर एकस्टेप फाउंडेशनने बांधलं आणि एमआयटी परवान्याखाली सर्वांसाठी खुलं केलं.

एमआयटी परवाना जेमतेम तीन परिच्छेदांचा आहे. आशय एका दमात सांगता येतो: घ्या, वापरा, बदला, विका, प्रत पुढे देताना आमचं नाव आणि ही सूचना तेवढी सोबत ठेवा, काही बिघडलं तर आम्हाला धरू नका. केलेल्या सुधारणा परत द्या, अशी अट त्यात नाही. म्हणून एखादं राज्य सरकार किंवा खासगी कंपनी विधी विभागाशी फार झटापट न करता असं सॉफ्टवेअर उचलू शकते. आणि म्हणूनच, उचलणाऱ्याने त्यात काय भर घातली हे जगाला कळेलच याची खात्रीही नसते. दाराला कडी नसण्याचा फायदा आणि तोटा एकाच जागी असतो.

हे पुस्तक अशा अटींबद्दल आहे. कोणत्या परवान्यात काय लिहिलंय याची जंत्री इंटरनेटवर हवी तितकी मिळते. इथे प्रश्न वेगळा आहे. एक परवाना निवडला की कोणती माणसं कामाला येतात, कोणत्या कंपन्या येतात, कोण बिचकतं, आणि पाच-दहा वर्षांनी भांडण झालंच तर कोणाच्या हाती काय उरतं? प्रकल्पाचं भवितव्य परवान्याच्या मजकुरावर जितकं अवलंबून असतं, तितकंच तो मजकूर उद्या बदलण्याचा अधिकार कोणाकडे आहे यावर असतं. पुढची सगळी प्रकरणं याच एका मुद्द्याभोवती फिरतात.

आधी एक गैरसमज बाजूला सारू. कॉलेजच्या प्रकल्पाचा कोड गिटहबवर टाकला आणि तो सगळ्यांना दिसू लागला, म्हणजे तो ओपन सोर्स झाला, असं आपल्याकडे सर्रास मानलं जातं. कायदा तसं मानत नाही. १९५७ च्या स्वामित्व हक्क कायद्यानुसार संगणक प्रोग्राम साहित्यकृतीत मोडतो. कादंबरीला जे संरक्षण तेच त्याला: लेखक हयात असेपर्यंत आणि त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं. सोबत परवाना नसेल तर तो कोड वाचता येतो, पण उचलून आपल्या कामात घालता येत नाही. परवाना निवडायचा कंटाळा करणाऱ्याने खरं तर सर्वांत कडक परवाना निवडलेला असतो.

आपल्या कायद्यात आणखी एक खाच आहे. हक्क देताना मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरायची आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता धरायचा, असं कलम १९ सांगतं; कलम ३०अ मुळे हाच नियम परवान्यांनाही लागू होतो. आता परवाने काढून पाहा. अपाची २.० मध्ये हक्क कायमचे आणि जगभर दिल्याचं स्पष्ट लिहिलंय. जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीत ते स्वामित्व हक्काच्या पूर्ण मुदतीसाठी दिलेले आहेत. एमआयटी आणि बीएसडी मात्र मुदतीबद्दल अवाक्षर काढत नाहीत. रोजच्या व्यवहारात हा मुद्दा कुणी उकरत नाही, आणि उकरला तर वकील दोन्ही बाजूंनी बोलतील. तरी भारतात बसून परवाना निवडणाऱ्याला तो ठाऊक असावा, कारण अमेरिकेत लिहिलेले हे परवाने इथे इथल्या कायद्याच्या चौकटीतच वाचले जाणार आहेत.

आता मूळ विषय. परवान्यांची नावं शेकडो असली तरी व्यवहारात तीन घराणी पुरतात. पहिलं मोकळ्या परवान्यांचं: एमआयटी, बीएसडी, अपाची. दुसरं जीपीएलचं. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८९ साली त्याची पहिली आवृत्ती काढली. त्याचं म्हणणं असं की बदल करा, विका, हरकत नाही. पण ज्याला प्रत द्याल त्याला मूळ कोडही द्या आणि तुम्हाला मिळालेलेच हक्क त्यालाही द्या. तिसरं घराणं एजीपीएलचं, २००७ सालचं. क्लाउडच्या काळात प्रत कुणी कुणाला देतच नाही; सॉफ्टवेअर कंपनीच्या सर्व्हरवर चालतं आणि गिऱ्हाईक ब्राउझरमधून ते वापरतं. त्यामुळे जीपीएलची अट लागूच होत नाही. ही पळवाट एजीपीएल बुजवतो: सुधारलेलं सॉफ्टवेअर नेटवर्कवरून सेवा म्हणून दिलंत, तरी वापरणाऱ्याला मूळ कोड मिळालाच पाहिजे.

या तिन्ही घराण्यांचे परवाने एकाच कंपनीने विचारपूर्वक वापरल्याचं उदाहरण मुंबईत आहे. रुषभ मेहता यांनी घरच्या फर्निचरच्या व्यवसायाची गरज म्हणून जे सॉफ्टवेअर लिहायला घेतलं, त्यातून पुढे ईआरपीनेक्स्ट उभं राहिलं. त्यांच्या फ्रॅपे कंपनीने त्याखालचा पाया, म्हणजे फ्रॅपे फ्रेमवर्क, एमआयटी परवान्याखाली ठेवला. कारण पायावर जितके जास्त लोक बांधतील तितकं बरं. त्यांनी वर काय बांधलं हे विचारण्याची गरज नाही. खुद्द ईआरपीनेक्स्टला मात्र जीपीएल ३ लावला. आणि पुढच्या काळात आलेल्या फ्रॅपे सीआरएम, हेल्पडेस्क अशा नव्या उत्पादनांना एजीपीएल. ही उत्पादनं मुळातच सेवा म्हणून विकली जाणारी, तेव्हा दुसऱ्या कुणी ती उचलून बंद सेवा उभी करू नये ही काळजी त्यात दिसते.

याचा अर्थ सोलापुरात काय होतो? अक्कलकोट रोड एमआयडीसीतला एखादा टेरी टॉवेलचा कारखानदार डोळ्यांपुढे आणा. त्याला सुताचा काउंट, बीमचा हिशेब, जॉब वर्कवर बाहेर गेलेला माल आणि जीएसटी हे सगळं एका जागी हवंय. ईआरपीनेक्स्ट घेऊन त्याने सोलापुरातल्याच एखाद्या इंजिनिअरकडून त्यात बीमचं रजिस्टर बसवून घेतलं. हा बदल त्याने कुणाला दाखवायला हवा का? नाही. जीपीएलची अट प्रत दुसऱ्याला दिल्यावर सुरू होते. स्वतःच्या कारखान्यात वापरण्यावर ती काही बोलत नाही. उद्या त्या इंजिनिअरला हेच बीमचं रजिस्टर आणखी दहा कारखान्यांना विकायचं असेल तर? खुशाल विकावं, हवे तितके पैसे घ्यावेत. फक्त गिऱ्हाईकाला मूळ कोड द्यावा लागेल, आणि त्या गिऱ्हाईकाने तो शेजारच्या कारखान्याला दिला तर अडवता येणार नाही. म्हणजे त्या इंजिनिअरची कमाई कोड लपवण्यातून येणार नाही. ती कारखान्याचं काम समजून घेण्यातून आणि रात्री दहाला फोन उचलण्यातून येईल. छोट्या गावातल्या छोट्या व्यावसायिकाला हे परवडतं, कारण तसाही तो यावरच जगत असतो. हजारो गिऱ्हाईकांना एकच तयार पेटी विकणाऱ्या कंपनीला ते परवडेलच असं नाही. परवाना कुणाच्या धंद्याला जागा करून देतो आणि कुणाच्या नाही, हे इतक्या जवळून दिसतं.

फॉन्टच्या क्षेत्रात हाच प्रश्न मराठीपुढे वेगळ्या रूपात आला. प्रिंटिंग प्रेस आणि डीटीपीवाल्यांना फॉन्ट म्हणजे डोंगलला बांधलेली वस्तू, हे कैक वर्षं अंगवळणी पडलेलं. युनिकोड आल्यावर खुल्या देवनागरी फॉन्टची गरज निर्माण झाली आणि रेड हॅटच्या पाठबळाने लोहित फॉन्ट जीपीएलखाली आले. पण जीपीएल लिहिला गेला प्रोग्रामसाठी. जीपीएलचा फॉन्ट पीडीएफमध्ये रुतवला, तर ती पीडीएफही जीपीएलखाली येते का? लग्नपत्रिका छापणाऱ्याला हा प्रश्न पडत नाही, प्रकाशन संस्थेच्या वकिलाला पडतो. यावर खास अपवादाचं कलम जोडण्याची तोड निघाली होती, पण खरा उपाय निघाला फॉन्टसाठीच लिहिलेल्या एसआयएल ओपन फॉन्ट परवान्यात. फॉन्ट वापरून केलेल्या मजकुरावर त्याचं काहीही बंधन नाही. नुसता फॉन्ट एकटा विकायचा नाही. आणि राखीव नाव बदललेल्या फॉन्टला द्यायचं नाही. २०११ साली लोहित या परवान्याखाली गेले. गूगलने नोटो फॉन्ट आधी अपाचीखाली काढले होते, तेही २०१५ साली इकडेच आले. एक प्रकल्प कडक परवान्याकडून आला, दुसरा मोकळ्याकडून, आणि दोघांना मधला, कामाला नेमका बसणारा परवाना सापडला.

त्याचं फळ मराठीच्या अंगणात पाहायला मिळतं. राज्य मराठी विकास संस्थेचा ‘यशोमुद्रा’ हा फॉन्ट याच प्रकारच्या खुल्या परवान्यावर उपलब्ध होता. आयआयटी मुंबईतल्या अभ्यासकांना संस्कृत ग्रंथांसाठी, जोडाक्षरं आणि वैदिक चिन्हांसह, फॉन्ट हवा होता. त्यांनी देवनागरीसाठी यशोमुद्रा घेतला, रोमन अक्षरांसाठी डेव्हिड पेरी यांचा कार्डो घेतला, दोन्हींवर काम केलं आणि ‘शोभिका’ तयार झाला. तोही त्याच परवान्याखाली. सरकारी संस्थेने मराठीसाठी खर्च केलेला पैसा संस्कृतच्या संशोधकांच्या कामी आला, आणि त्यांनी घातलेली भर पुन्हा सर्वांना खुली झाली. शेजारी गोव्यात २०१३ साली गोवा विद्यापीठाने कोंकणी विश्वकोश क्रिएटिव्ह कॉमन्सच्या, विकिपीडियाला चालणाऱ्या परवान्याखाली खुला केला, तेव्हाही असंच घडलं: छापील खंडांतला मजकूर नव्या विकिपीडियाच्या उपयोगी पडला. याउलट, परवान्यात ‘व्यावसायिक वापर नको’ एवढं एक कलम घातलं की तोच मजकूर विकिपीडियाला घेता येत नाही. आपले शिक्षक आणि विद्यापीठं हे कलम सहज, सावधगिरी म्हणून घालतात. कुणी आपल्या कष्टावर पैसे कमवू नयेत ही भावना समजण्यासारखी आहे, पण तिची किंमत विद्यार्थी मोजतो.

आता कंपन्यांची बाजू. तिच्याकडे संशयानेच पाहण्याची आपल्याकडे रीत आहे. या पुस्तकाने ती पाळलेली नाही. हिंजवडीतल्या कुठल्याही मोठ्या कंपनीत सॉफ्टवेअर बाहेर पडण्याआधी लायसन्स स्कॅन होतो. आत कुणी कोणाचा कोड घातलाय हे यंत्र तपासतं आणि विधी विभागाच्या यादीत तो बसतो का ते पाहतं. एमआयटी, बीएसडी, अपाची बहुधा पुढे सरकतात. जीपीएल दिसला की बैठक लागते. एजीपीएल दिसला की बरेचदा नकारच येतो. गूगलने तर आपल्या कामात एजीपीएलचा कोड वापरायला बंदी असल्याचं जाहीर धोरणातच म्हटलंय. यामागे दुष्टपणा शोधण्याची गरज नाही. कोट्यवधी ओळींच्या कोडमध्ये एक छोटा तुकडा येऊन सगळा कोड उघडण्याची जबाबदारी अंगावर पडेल का, या भीतीपोटी वकील लांबच राहणं पसंत करतात. ही भीती किती खोलवर जाते पाहायचं असेल तर मॅकचं टर्मिनल उघडा. त्यात बॅश ही जुनी आज्ञावली ३.२ या आवृत्तीवर थबकलेली दिसेल. ३.२ जीपीएल २ वर होती, पुढच्या आवृत्त्या जीपीएल ३ वर गेल्या. ॲपलने कारण कधी सांगितलं नाही, पण २०१९ पासून मॅकवर मूळ निवड म्हणून झेडशेल आलं, आणि त्याचा परवाना मोकळा आहे.

दुसऱ्या बाजूने, समाजही कंपनीला वाकवतो. फेसबुकने रिॲक्ट या आपल्या वेब लायब्ररीला बीएसडीसोबत पेटंटची स्वतःची एक पुरवणी जोडली होती. २०१७ च्या जुलैत अपाची फाउंडेशनने असा परवाना आपल्या प्रकल्पांत चालणार नाही असं ठरवलं, सप्टेंबरात वर्डप्रेसवाल्यांनी रिॲक्ट सोडण्याचा विचार जाहीर केला, आणि त्याच महिन्यात फेसबुकने रिॲक्ट साध्या एमआयटी परवान्यावर आणलं. जीपीएलमुळेही असं घडलंय. लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी५४जी या राउटरमध्ये जीपीएलखालचं लिनक्स असल्याचं लक्षात आल्यावर २००३ साली कंपनीला कोड द्यावा लागला. त्यातून ओपनडब्ल्यूआरटी जन्माला आलं आणि आज कितीतरी राउटर त्यावर चालतात. जीपीएल नसता तर तो कोड कंपनीच्या कपाटात राहिला असता.

मग कोणता परवाना चांगला? इथेच बहुतेक चर्चा अडकतात, कारण त्या फक्त मजकुराकडे पाहतात. अलीकडच्या वर्षांत जी मोठी भांडणं झाली, त्यांचं मूळ मजकुरात नव्हतंच. रेडिस हा डेटाबेस साल्वातोरे सान्फिलिप्पो यांनी २००९ साली बीएसडीखाली सुरू केला. जगभरच्या लोकांनी त्यात भर घातली, आणि मोठ्या क्लाउड कंपन्यांनी तो सेवा म्हणून विकून पैसे कमावले. रेडिसच्या मागे उभ्या कंपनीला हे सहन होईना. २०१८ साली गाभा बीएसडीच राहील असं सांगितलेलं असताना मार्च २०२४ मध्ये परवाना बदलला. आठवडाभरातच लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली व्हॅल्की हा फोर्क, म्हणजे त्याच कोडवरून वेगळा चालवलेला प्रकल्प, निघाला, मागे ॲमेझॉन, गूगल, ओरॅकल. २०२५ च्या मे महिन्यात रेडिसने एजीपीएलचा खुला पर्याय दिला, पण तोवर घरात दोन चुली झाल्या होत्या. त्याआधी इलास्टिकने २०२१ साली अपाची सोडला आणि ॲमेझॉनने त्याचा फोर्क म्हणून ओपनसर्च काढलं. २०२३ च्या ऑगस्टमध्ये हॅशिकॉर्पने टेराफॉर्मचा परवाना बदलला आणि पुढच्याच महिन्यात त्याचा फोर्क ओपनटोफू लिनक्स फाउंडेशनकडे गेला.

क्लाउडवाल्यांनी फुकट खाल्लं ही या कंपन्यांची तक्रार खोटी नाही. पण ज्यांनी सुट्टीच्या दिवशी बसून रेडिसचे दोष दुरुस्त केले, त्यांनी ते कंपनीला भेट म्हणून केले नव्हते. त्यांना वाटत होतं की आपण सगळ्यांचं काम करतोय. ते तसं का राहिलं नाही, याचं उत्तर परवाना आणि हक्क या दोन गोष्टी एकत्र ठेवल्यावरच सापडतं.

परवाना मोकळा असेल तर पुढची आवृत्ती बंद करायला कुणाचीच परवानगी लागत नाही. तो हक्क मुळात सर्वांनाच दिलेला असतो, कंपनीलाही. परवाना जीपीएलसारखा असेल, पण प्रत्येक योगदान देणाऱ्याकडून कंपनीने करारावर सही घेऊन व्यापक हक्क आपल्याकडे घेतले असतील, तर परवाना बदलण्याची किल्ली त्या एका कंपनीकडे राहते. मायएसक्यूएल या डेटाबेसचं असंच होतं: हक्क एका कंपनीकडे, म्हणून सनने २००८ साली ते सुमारे शंभर कोटी डॉलरला विकत घेतलं, २०१० मध्ये सनबरोबर ते ओरॅकलकडे गेलं, आणि अस्वस्थ झालेल्यांनी मारियाडीबी काढलं. तिसरी तऱ्हा लिनक्सची. परवाना जीपीएल २, आणि हक्क हजारो लोकांकडे व कंपन्यांकडे विखुरलेले. लिनस टोरवाल्ड्सना वाटलं तरी ते एकटे परवाना बदलू शकत नाहीत, कारण सगळ्यांची संमती मिळवणं अशक्य. लिनक्समध्ये २००४ पासून योगदान देणारा प्रत्येक तुकड्याखाली फक्त एवढंच जाहीर करतो की हे मी लिहिलंय किंवा द्यायचा मला अधिकार आहे. आपला हक्क तो कुणाच्या हाती सोपवत नाही. एकमेकांचे कट्टर स्पर्धक असलेल्या कंपन्या लिनक्सवर निर्धास्त काम करतात याचं कारण हेच आहे: समोरच्याला उद्या सगळं आपल्या ताब्यात घेता येणार नाही, याची प्रत्येकाला खात्री असते. ईआरपीनेक्स्टच्या कोडवरही हक्क ‘फ्रॅपे आणि योगदानकर्ते’ यांचा असल्याचं लिहिलेलं आहे. शेवटच्या दोन शब्दांवर बरंच काही अवलंबून आहे.

मोकळा परवाना असूनही टिकलेला संसार पोस्टग्रेस या डेटाबेसचा. त्याच्यामागे कुणी एक मालक कंपनी नाही. अनेक कंपन्यांचे पगारी लोक त्यावर काम करतात, त्यात एंटरप्राइझडीबीच्या पुण्यातल्या कार्यालयातले इंजिनिअरही आले. मुख्य समितीत एका कंपनीचे लोक निम्म्यापेक्षा जास्त नसावेत असा तिथे अलिखित संकेत होता. २०२० साली एंटरप्राइझडीबीने सेकंडक्वाड्रंट विकत घेतल्यावर समितीतला तोल एका बाजूला गेला, तेव्हा काही आठवड्यांतच बाहेरचे दोन नवे सदस्य घेऊन तो सावरला. परवान्यात नसलेली अट समाजाने वागणुकीत आणली.

सोलापूरकराला हे सगळं परकं वाटू नये. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल यांना २००५-०६ या वर्षात भौगोलिक मानांकन मिळालं, यंत्रमागधारकांच्या जिल्हा संघाच्या नावे. बाहेर विणलेली चादर ‘सोलापुरी’ म्हणून खपवली जाते, ही तक्रार त्यामागे होती. ज्या कायद्याने हे मानांकन दिलं, त्याचं कलम २४ लक्ष देऊन वाचण्यासारखं आहे. मानांकनाचा हक्क कुणालाही विकता येत नाही, गहाण ठेवता येत नाही, दुसऱ्याला परवान्यावरही देता येत नाही. नियमात बसणारा उत्पादक वापरकर्ता म्हणून नोंद करून ते नाव लावू शकतो. पण उद्या एखादी मोठी कंपनी भरपूर पैसे घेऊन आली, तरी ‘सोलापुरी चादर’ हे नाव तिला कुणी विकू शकत नाही, कारण विकण्याचा अधिकारच कुणाकडे नाही. रेडिसवर काम करणाऱ्यांना जे संरक्षण नव्हतं, ते पद्मशाली विणकराच्या चादरीच्या नावाला संसदेने दिलं.

ओपन सोर्समध्ये नाव आणि काम यांची वाटणी उलटी असते. इथे काम खुलं आणि नाव राखीव. फोर्क काढणाऱ्यांना सगळा कोड घेता आला, पण ‘रेडिस’ हे नाव घेता आलं नाही. त्यांना व्हॅल्की हे नवं नाव रुजवावं लागलं. ओपनऑफिसपासून वेगळे झालेल्यांना २०१० साली लिबरऑफिस हे नाव शून्यातून उभं करावं लागलं. नाव कोणाच्या मालकीचं हे सुरुवातीलाच न ठरवणाऱ्या प्रकल्पांची मोठी ऊर्जा नंतर याच भांडणात जाते. म्हणून या पुस्तकात ट्रेडमार्कवर एक वेगळं प्रकरण आहे, आणि ते परवान्याच्या प्रकरणाइतकंच मोठं आहे.

हे सगळं कुणी वाचायचं? सोलापुरातून सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला नोकरीसाठी गेलेल्या मुलामुलींनी आधी. नोकरीच्या करारात कामाच्या काळात लिहिलेल्या कोडचे हक्क कंपनीचे, असं कलम बहुधा असतं. काही करारांत ते घरी लिहिलेल्या कोडपर्यंत पोचतं. ज्याला कुठल्या खुल्या प्रकल्पात हातभार लावायचाय, त्याने कंपनीची लेखी संमती आधी घ्यावी. नाहीतर तो जे देतोय ते द्यायचा त्याला अधिकारच नसतो, आणि त्याचा फटका ज्यांनी विश्वासाने ते घेतलं त्यांना बसतो. दुसरे वाचक सोलापुरातच राहून काम करणारे: कारखान्यांसाठी, दवाखान्यांसाठी, पतसंस्थांसाठी छोटी सॉफ्टवेअर लिहिणारे. त्यांच्यासाठी परवाना निवडण्याची रीत थोडक्यात अशी. जे काम जास्तीत जास्त ठिकाणी पोचावं आणि त्यावर इतरांनी बांधावं असं वाटतं, त्याला मोकळा परवाना. पेटंटची भीती असेल तर त्यातला अपाची. जे काम आपल्या गिऱ्हाईकांच्या हाती कायम खुलं राहावं असं वाटतं, त्याला जीपीएल. जे काम सेवा म्हणूनच विकलं जाईल आणि मोठ्या कंपनीने ते गिळू नये अशी धास्ती आहे, त्याला एजीपीएल. त्यामुळे काही मोठी गिऱ्हाइकं दुरावतील हे धरून चालावं.

वाचकांचा तिसरा गट सरकारी कार्यालयांतला. केंद्र सरकारने २०१५ साली ओपन सोर्स वापरण्याचं धोरण जाहीर केलं, पण निविदा काढताना तयार होणाऱ्या कोडचा परवाना कोणता आणि हक्क कोणाकडे, हा रकाना बरेचदा रिकामा राहतो. जनतेच्या पैशातून लिहून घेतलेला कोड ठेकेदाराकडेच राहिला, तर पुढच्या वर्षी तोच कोड पुन्हा विकत घ्यावा लागतो. यशोमुद्रा ते शोभिका हा प्रवास सरकारी पैशाने काय होऊ शकतं हे दाखवतो, आणि तो एका फाइलमध्ये लिहिलेल्या परवान्यामुळे शक्य झाला.

या पुस्तकात वकिली सल्ला नाही. परवान्याचं तंतोतंत भाषांतरही त्यात मुद्दाम दिलेलं नाही, कारण कायद्याने बांधतो तो मूळ मजकूर. दिलंय ते निर्णयाचं भान: कोणाला बोलवायचंय, त्यांच्याकडून काय परत हवंय, आणि एकदा दिलेला शब्द कोणाला मागे घेता येईल. पहिले दोन प्रश्न बहुतेक जण विचारतात. तिसरा प्रश्न पहिलं बाहेरचं योगदान येण्याआधी विचारावा लागतो, कारण नंतर त्याचं उत्तर बदलायचं तर प्रत्येक लिहिणाऱ्याच्या दारी जावं लागतं. प्रकल्प लहान असतानाच परवान्याची फाइल टाका, हक्क कोणाकडे राहतील ते लिहा, नाव कोणाचं ते ठरवा. अर्ध्या दिवसाचं काम आहे, आणि तुमच्या प्रकल्पात येणारा अनोळखी माणूस आपला वेळ द्यायचा की नाही, हे त्यावरूनच ठरवणार आहे.